‘पुरे’ कोणी म्हणावे? : पैसा आणि समाधान यांच्या संबंधाविषयी

१

पैसा आणि समाधान यांचा संबंध काय, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. किंबहुना तो इतका परिचित आहे की, प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच त्याचे उत्तर आपल्याजवळ तयार असते. शालेय निबंधांपासून सत्कारसमारंभांतील भाषणांपर्यंत हे उत्तर एकाच साच्यातून निघते. पैशाने औषध विकत घेता येते, आरोग्य नाही. पलंग विकत घेता येतो, झोप नाही. आणि म्हणून खरे समाधान पैशात नसते. प्रस्तुत लेखकाने गेल्या वीसेक वर्षांत असे निबंध शेकड्यांनी तपासले आहेत. त्यांपैकी एक उत्तरपत्रिका मात्र अजून आठवते. तिच्यात एका विद्यार्थिनीने लिहिले होते की, ज्या घरात पलंगच नाही त्या घरात झोपेचा प्रश्न पलंगानंतर येतो. आणि ज्यांना औषध घेता आले नाही त्यांच्या आरोग्याविषयी हा निबंध काहीच सांगत नाही. त्या उत्तरपत्रिकेवर मी ‘विषय सुटला आहे’ असा शेरा मारला होता. पुढे अनेक वर्षांनी लक्षात आले की विषय तिचा सुटला नव्हता, माझा सुटला होता.

ही चूक केवळ एका परीक्षकाची असती तर तिचा येथे उल्लेख करण्याचे कारण नव्हते. परंतु आपल्या वाङ्मयीन आणि नैतिक परंपरेच्या वाचनाशीच तिचा संबंध आहे, असे मला वाटते. म्हणून या निबंधात एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ‘पैशाने समाधान मिळत नाही’ हे विधान खरे की खोटे, हा तो प्रश्न नव्हे. हे विधान कोण करतो, कोणाविषयी करतो आणि त्यानुसार त्याच्या सत्यतेत काही फरक पडतो काय, हा तो प्रश्न होय.

आरंभी शब्दाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ‘समाधान’ हा शब्द आपण तृप्तीच्या अर्थाने वापरतो तसाच उत्तराच्याही अर्थाने वापरतो. शास्त्रचर्चेत आधी शंका येते, मग तिचे समाधान होते. ‘समाधी’ आणि ‘समाधान’ यांचा धातू एकच आहे. विस्कटलेले नीट एकत्र ठेवणे, हा त्यातील मूळ आशय. याचा अर्थ असा की, मराठीत समाधान म्हणजे केवळ सुखाची संवेदना नव्हे. आपल्या आयुष्याने उपस्थित केलेल्या एखाद्या शंकेला पटण्याजोगे उत्तर मिळाल्याची ती अवस्था आहे. शंका ज्याची, समाधानही त्याचेच व्हावे लागते. माझ्या शंकेचे निरसन झाले की नाही हे दुसरा ठरवू शकत नाही. दुसऱ्या बाजूला, ज्या शब्दाने आपण द्रव्य म्हणतो त्याच ‘अर्थ’ या शब्दाने आपण आशयही म्हणतो. तेव्हा पैसा आणि समाधान या दोन्ही शब्दांच्या पोटात आशयाचा आणि उत्तराचा प्रश्न आधीपासूनच आहे.

‘समाधान’ हा संस्कृत शब्द झाला. बोलीत त्याचे काम ‘पुरे’ हा शब्द करतो. पंगतीत ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार जेवणाऱ्याचा असतो. वाढणाऱ्याने आग्रह करावयाचा आणि जेवणाऱ्याने पानावर आडवा हात धरावयाचा, ही रीत आहे. वाढणारा जर पानाकडे पाहून ‘तुला पुरे झाले’ म्हणाला, तर त्याच शब्दाचा अपमान होतो. शब्द तोच, पान तेच, भाताचे प्रमाणही तेच. केवळ पुरुष बदलला. व्याकरणातील हा पुरुषभेद नीतिशास्त्रातही निर्णायक ठरतो, असे मला सुचवावयाचे आहे.

२

आधुनिक समाजशास्त्रांनी समाधानाचे मापन करण्याचा प्रयत्न केला आहे, त्याची प्रथम दखल घेतली पाहिजे. १९७४ साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी एका विसंगतीकडे लक्ष वेधले. एकाच देशात, एकाच वेळी, श्रीमंत माणसे गरीब माणसांपेक्षा अधिक सुखी असल्याचे सांगतात. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पाव शतकात अमेरिकेचे उत्पन्न मोठ्या प्रमाणावर वाढूनही लोकांनी सांगितलेले सुख त्या प्रमाणात वाढलेले दिसत नाही. याचे एक स्पष्टीकरण तुलनेचे आहे. माझ्याजवळ किती आहे यापेक्षा शेजाऱ्याच्या मानाने किती आहे, यावर माझे समाधान अवलंबून असेल, तर सर्वांचेच उत्पन्न वाढल्याने कोणाचेच समाधान वाढणार नाही. ईस्टरलिन यांच्या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला आणि तो आजही मिटलेला नाही.

२०१० मध्ये डॅनियल कानेमान आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतील सुमारे साडेचार लाख प्रतिसादांच्या आधारे एक महत्त्वाचा भेद केला. आयुष्याकडे मागे वळून पाहताना माणूस त्याचे जे मूल्यमापन करतो ते वेगळे, आणि काल दिवसभरात त्याला आनंद, काळजी, दुःख यांपैकी काय जाणवले ते वेगळे. मूल्यमापनासाठी हॅडली कँट्रिल यांची शिडी वापरली जाते. सर्वांत वरची पायरी म्हणजे तुम्हाला कल्पिता येईल असे उत्तम आयुष्य, तळाची म्हणजे सर्वांत वाईट. तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात ते सांगा. उत्पन्न वाढत गेले तसे शिडीवरचे स्थान वर जात राहिले. दैनंदिन भावावस्था मात्र वार्षिक ७५,००० डॉलरच्या आसपास येऊन थांबली. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी तेहेतीस हजारांहून अधिक नोकरदार अमेरिकनांना दिवसात वेळोवेळी प्रश्न विचारून असे दाखविले की, भावावस्थाही थांबत नाही, वाढतच जाते. दोन निष्कर्ष परस्परविरोधी होते. तेव्हा २०२३ मध्ये कानेमान, किलिंग्जवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांनी एकत्र बसून त्यांचा मेळ घातला. जे लोक सर्वाधिक दुःखी आहेत, साधारणतः तळाचे पंधरा ते वीस टक्के, त्यांच्या बाबतीत सुमारे एक लाख डॉलरनंतर पैशाचा परिणाम संपतो; इतरांच्या बाबतीत तो संपत नाही. म्हणजे पैशाने दूर होणारी दुःखे एका मर्यादेपर्यंत दूर होतात, आणि त्यानंतर उरतात ती पैशाच्या आवाक्यातली नसतात.

ही संशोधने आपल्या निबंधांतील तयार उत्तराला धक्का देणारी आहेत, हे मान्य केले पाहिजे. पैशाचा समाधानाशी संबंध आहे. तो उत्पन्नाच्या प्रमाणाशी आहे. दहा हजारांचे वीस हजार झाल्याने जो फरक पडतो तेवढाच फरक पडण्यासाठी एक लाखाचे दोन लाख व्हावे लागतात. म्हणून गरिबाच्या हातात पडलेला रुपया श्रीमंताच्या हातातील रुपयापेक्षा अधिक समाधान निर्माण करतो. त्याग आणि विरक्ती यांच्या गौरवात वाढलेल्या आपल्या वाचकाला ही साधी गोष्ट आकड्यांनी सांगावी लागावी, हेच विचार करण्याजोगे आहे.

तरीही या पद्धतीची एक मर्यादा आहे. ती माणसाला एकटा गाठते. एका बाजूला त्याचे उत्पन्न, दुसऱ्या बाजूला त्याची पायरी, आणि या दोहोंमधील रेषा. पैसा जणू अन्न किंवा ऊब यांसारखी एक वस्तू आहे, आणि ती शरीरात किती गेली की तृप्ती होते एवढेच मोजावयाचे आहे. परंतु पैसा ही अशी वस्तू नाही. माझ्या खिशातील नोट म्हणजे इतरांच्या श्रमावर आणि मालावर असलेला माझा हक्क होय. घेण्याच्या बाजूने जो हक्क तोच देण्याच्या बाजूने बोजा असतो. माझे येणे हे कोणाचे तरी देणे असते. तेव्हा पैशाचा समाधानाशी असलेला संबंध हा मूलतः माणसामाणसांमधील संबंध आहे, आणि एकट्या माणसाला शिडीवर उभे करून तो पुरता दिसणार नाही.

३

ही गोष्ट अ‍ॅडम स्मिथ यांना माहीत होती. १७७६ च्या आपल्या ग्रंथात जीवनावश्यक वस्तूंची व्याख्या करताना त्यांनी तागाच्या सदऱ्याचे उदाहरण घेतले आहे. ग्रीक आणि रोमन लोक तागाच्या सदऱ्यावाचून सुखाने जगले. पण स्मिथ यांच्या काळातील युरोपात रोजंदारीवरील प्रतिष्ठित मजुरालाही त्यावाचून चारचौघांत येण्याची लाज वाटली असती. सदरा गरजेचा ठरतो तो थंडीमुळे नव्हे, लाजेमुळे. पैसा येथे अंग झाकत नाही, माणसाची प्रतिष्ठा झाकतो. साधेपणाचा उपदेश करणारे नेमके हेच विसरतात. ज्याच्या कपाटात दहा सदरे आहेत त्याने फाटका सदरा घातला तर तो साधा ठरतो. ज्याच्याजवळ तो एकच आहे त्याने घातला तर तो दरिद्री ठरतो. साधेपणा हीदेखील ऐपतीची बाब आहे.

आपल्याकडे या संबंधाचे सर्वांत बोलके उदाहरण बलुतेदारीचे आहे. गावगाड्यात कामाचा मोबदला धान्याच्या रूपाने मिळत असे. या व्यवस्थेकडे पाहण्याचा एक गोड दृष्टिकोन आपल्या साहित्यात दीर्घकाळ टिकून होता. पैशाचा स्पर्श नसलेले, परस्परांच्या गरजा भागविणारे, समाधानी खेडे, असे ते चित्र होते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ज्या व्यवस्थेचे नाव त्या आत्मकथनाने धारण केले तिच्याकडे त्या गोड दृष्टीने पाहणे त्यानंतर कठीण झाले. ज्याला खळ्यावर उभे राहून आपला वाटा मागावा लागतो, त्याच्या दृष्टीने मोबदला आणि भीक यांतील सीमारेषा पुसट असते. धान्याचे माप देणाऱ्याच्या हाती असते. किती द्यावयाचे, केव्हा द्यावयाचे आणि कोणत्या शब्दांनी द्यावयाचे, हे तोच ठरवितो. घेणाऱ्याने घ्यावयाचे आणि वर कृतज्ञही राहावयाचे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. बलुत्याच्या जागी रोख रकमेची तरतूद व्हावी, हा त्यातील एक मुद्दा होता. ‘रुपयाचा प्रश्न’ या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९२३ चा. चलनाचा हा अभ्यासक वतनाच्या प्रश्नाकडे वळतो तेव्हा रोख रकमेचा आग्रह धरतो, यात मला एक सुसंगती दिसते. ठरलेला रुपया देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही आणि तो घेताना मान खाली घालावी लागत नाही. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ मध्ये, म्हणजे त्यानंतर तीस वर्षांनी.

जर्मन विचारवंत गेऑर्ग झिमेल यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पैशाचे तत्त्वज्ञान’ या ग्रंथात हाच विचार युरोपच्या संदर्भात मांडला आहे. भूदासाचे देणे आधी प्रत्यक्ष सेवेच्या रूपात होते, मग धान्याच्या, आणि अखेर पैशाच्या रूपात आले. आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचे व्यक्तित्व देण्यापासून अधिकाधिक सुटे झाले. पैसे चुकविले की माणूस मोकळा होतो. पैसे कसे मिळविले याची विचारपूस करण्याचा अधिकार मालकाला उरत नाही. झिमेल यांनी या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही पाहिली होती. पैशाने माणूस बंधनातून सुटतो, पण सुटून कोठे जावयाचे हे पैसा सांगत नाही. तथापि सुटकेनंतरच्या पोकळीची खंत ही सुटलेल्या माणसाची खंत आहे. जो अद्याप खळ्यावर उभा आहे त्याला त्या पोकळीची भीती घालणे अप्रामाणिकपणाचे होईल.

४

येथवर पैशाच्या बाजूने बोलल्यावर, मराठीत समाधानाविषयी बोलणाऱ्या सर्वांत मोठ्या कवीकडे वळल्याशिवाय हा विचार पुरा होऊ शकत नाही. तुकोबांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या दोन उपदेशांचे मराठी समाजाने भरपूर उपयोग केले आहेत. पहिला, ईश्वराने ज्या स्थितीत ठेवले ती मान्य करून मन शांत ठेवण्याचा. दुसरा, सचोटीच्या व्यवहाराने धन मिळवावे आणि त्यात न गुंतता ते खर्च करावे, असे सांगणारा. पहिला गरिबांना ऐकविला जातो, दुसरा व्यापाऱ्यांच्या सत्कारात ऐकू येतो. एकाच कवीच्या दोन वचनांची अशी वर्गवार वाटणी व्हावी, हा आपल्या आस्वादाच्या इतिहासातील लक्षणीय भाग आहे. संतांच्या शिकवणुकीने समाज निष्क्रिय झाला, असा आक्षेप इतिहासाचार्य राजवाड्यांनी घेतला होता; न्यायमूर्ती रानड्यांनी त्याच शिकवणुकीत समाजजागृतीचे मूळ पाहिले होते. हा वाद वचनांच्या आशयावर लढला गेला. वचन उच्चारणाऱ्याच्या स्थानाचा विचार त्यात फारसा झाला नाही.

ते स्थान काय होते? तुकोबांचे घराणे देहूचे, व्यापार करणारे. महाजनकी त्यांच्याकडे होती. म्हणजे सावकारी व्यवहाराच्या आतून आलेला हा माणूस आहे. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले, व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. पैसा नसणे म्हणजे काय, हे त्यांनी उपमेने सांगितलेले नाही, पाहिलेले आहे. त्यानंतरची एक घटना परंपरेने जपून ठेवली आहे. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते घरात होती. तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडविण्याचे ठरविले. धाकट्या भावाने, कान्होबांनी, त्यावर आपल्या संसाराची अडचण सांगितली. तेव्हा खतांच्या दोन वाटण्या करण्यात आल्या. कान्होबांची वाटणी त्यांच्याकडे राहिली, आणि तुकोबांनी आपल्या वाट्याची खते नदीत सोडली.

ही कथा आपण वैराग्याची कथा म्हणून वाचत आलो आहोत. तशी ती आहेच. परंतु तीत दोन तपशील असे आहेत की ते केवळ वैराग्याच्या चौकटीत मावत नाहीत. पहिला तपशील, बुडविले गेले ते काय? ते सोने नव्हते, धान्य नव्हते. ती दुसऱ्यांची देणी होती. सोने नदीत टाकले असते तर एक माणूस गरीब झाला असता, इतकेच. खते बुडविल्याने, दुष्काळाने आधीच मोडलेली कित्येक घरे एका दिवसात मोकळी झाली. पैसा म्हणजे दुसऱ्यावरील हक्क, हे तत्त्व देहूच्या या सावकारपुत्राने कृतीने ओळखले होते. त्यागाचे मूल्य त्याला स्वतःला वाटलेल्या शांतीत जितके आहे, तितकेच किंवा अधिक, नाव माहीत नसलेल्या त्या ऋणकोंच्या सुटकेत आहे.

दुसरा तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तुकोबांनी निम्मी खते ठेवली. खरे तर ‘ठेवली’ हेही म्हणणे बरोबर नाही. ती त्यांची नव्हतीच. आपल्याला प्राप्त झालेल्या समाधानाच्या बळावर त्यांनी भावाच्या वाट्याचा त्याग केला नाही. भावाला उपदेश करून त्याची खतेही बुडविता आली असती, आणि कथेला अधिक भव्यता आली असती. परंपरेने मात्र ही वाटणी जपली. ‘मला पुरे’ असे म्हणणाऱ्याने ‘तुलाही पुरे’ असे म्हटले नाही. या संयमात एक नीतितत्त्व आहे, आणि ते तत्त्व लक्षात घेतले तर वर उल्लेखिलेल्या पहिल्या उपदेशाचा अर्थ पालटतो. असलेल्या स्थितीत शांत राहण्याविषयी बोलणारा हा माणूस स्वतःच्या मनाशी बोलतो आहे; ज्याने आपला हक्क सोडला, त्याने स्वतःला दिलेली ती आज्ञा आहे. ती वेगळी काढून कर्जदाराला ऐकविली की तिचा अर्थ नेमका उलटा होतो. सावकाराने खते बुडवून म्हटलेले ‘समाधान’ आणि सावकाराने खते जपून ऋणकोला सांगितलेले ‘समाधान’ हे एकच शब्द उरत नाहीत.

५

परंतु येथे थांबलो तर आपण तुकोबांच्या बाजूनेही पूर्ण हिशेब केला असे होणार नाही. या कथेत आणखी एक व्यक्ती आहे. जिजाबाई, जिला परंपरा ‘आवली’ म्हणून ओळखते. संतचरित्रांनी आणि पुढे नाटक-चित्रपटांनी तिला बहुधा कजाग स्त्रीच्या रूपात उभे केले. उसाच्या मोळीची कथा सर्वश्रुत आहे. मिळालेला ऊस वाटेत पोरांना वाटत वाटत तुकोबा घरी एकच ऊस घेऊन येतात. जिजाबाई संतापून तोच त्यांच्या पाठीत घालते, आणि ऊस मोडल्यावर वाटण्या आपोआपच झाल्या म्हणून ते हसतात. आपणही त्यांच्याबरोबर हसतो. मात्र खतांच्या कथेत जो प्रश्न विचारला तोच येथे विचारला पाहिजे. हा ऊस कोणाचा होता? खते बुडविताना भावाचा वाटा वेगळा काढला गेला; ऊस वाटताना घरच्यांचा वाटा वेगळा काढला गेला नाही. घरात मुले होती आणि चूल होती. भाऊ कायद्याने वाटेकरी होता, म्हणून त्याच्या अडचणीला शब्द मिळाला. पत्नीला वाटा नव्हता, म्हणून तिच्या अडचणीला ‘स्वभाव’ असे नाव मिळाले. हे म्हणताना तुकोबांचे मोठेपण कमी लेखण्याचा हेतू नाही. एकाच्या समाधानाची किंमत घरातील दुसरे कोणी चुकवीत असू शकते, एवढेच नोंदवावयाचे आहे.

जिजाबाईची तक्रार मौल्यवान आहे, ती तक्रार म्हणून नव्हे, साक्ष म्हणून. याचे कारण अमर्त्य सेन यांनी दिलेल्या एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात विधुर आणि विधवा यांची आरोग्यविषयक पाहणी झाली होती. विधुरांपैकी जवळजवळ निम्म्यांनी आपली प्रकृती वाईट किंवा बेताची असल्याचे सांगितले. विधवांपैकी तसे सांगणाऱ्या अगदीच थोड्या निघाल्या. त्या काळातील हिंदू विधवेच्या आयुष्याची कल्पना असणाऱ्या कोणालाही याचा अर्थ ‘विधवा अधिक निरोगी होत्या’ असा लावता येणार नाही. प्रकृतीची तक्रार करणे हाच एक अधिकार आहे, आणि तो आपल्याला आहे असे त्यांना कधी वाटलेच नसावे. सेन यांच्या विवेचनाचा रोख असा की, दीर्घ वंचनेत माणूस आपल्या इच्छाच आखूड करून घेतो. तेव्हा त्याने सांगितलेल्या समाधानावरून त्याच्या आयुष्याचे मूल्यमापन करणे धोक्याचे असते.

येथे माझ्या युक्तिवादाला एक अडचण निर्माण होते, ती टाळणे योग्य नव्हे. समाधान झाले की नाही हे ज्याचे त्यानेच सांगावे, असे मी म्हणत आलो. आणि आता म्हणतो आहे की, स्वतः सांगितलेले समाधानही नेहमी विश्वसनीय नसते. सिंगूरची विधवा ‘मला पुरे’ म्हणते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवावयाचा की नाही? माझे उत्तर असे की, तिच्या शब्दाचा मान ठेवावयाचा, पण त्या शब्दाच्या आधारे इतरांनी मोकळे व्हावयाचे नाही. पंगतीतील आडवा हात तेव्हाच खरा ‘पुरे’ असतो, जेव्हा भांड्यात अजून भात असतो आणि तो घेण्याची जेवणाऱ्याला मुभा असते. भांडे रिकामे असल्याचे पाहून जो पाहुणा ‘पुरे’ म्हणतो, तो यजमानाची अब्रू राखीत असतो. तुकोबांचे ‘पुरे’ खरे ठरते, कारण खते हातात होती, वसुली करता आली असती, आणि ती केली नाही. ज्याला ‘आणखी हवे’ म्हणता येते त्याच्याच ‘पुरे’ला समाधान म्हणावे. इतरांच्या ‘पुरे’ला निराळे नाव शोधले पाहिजे.

६

हे सर्व देहू आणि सिंगूर येथेच सोडून देता आले असते तर बरे झाले असते. पण प्रस्तुत लेखकाला ते शक्य नाही, कारण तो ज्या वर्गात तुकोबा शिकवितो त्याच्या शेजारच्याच वर्गात त्याची एक सहकारी तुकोबाच शिकविते. दोघांची पात्रता सारखी आहे. तिने संशोधन केले आहे, नेट उत्तीर्ण केले आहे, आणि कित्येक वर्षे ती तासिका तत्त्वावर काम करते आहे. मला दरमहा वेतन मिळते, वेतन आयोगाच्या शिफारशींनुसार ते वाढते. तिला घेतलेल्या तासांपुतेच पैसे मिळतात, तेही महिनोन्महिने उशिरा. सुट्टीच्या काळात ते मिळत नाहीत. तिला जे मिळते त्याला ‘मानधन’ म्हणतात.

हा शब्द थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. ‘पगार’ हा पोर्तुगिजांकडून आलेला, रोकडा, भावनाशून्य शब्द. तो मागता येतो, थकला तर त्यासाठी भांडता येते. ‘मानधन’ या शब्दात ‘मान’ आधी येतो आणि ‘धन’ नंतर, आणि जे मानाने मिळाले त्याचा हिशेब मागणे असभ्य ठरते. धन कमी पडले तर त्याची भरपाई मानाने झाली असे गृहीत असते. बलुत्याच्या खळ्यावरील कृतज्ञता येथे संस्कृत वेषात परत आली आहे. एका वर्षअखेरीच्या समारंभात मी, या सहकारीच्या उपस्थितीत, शिक्षकाचे खरे समाधान पैशात नसून विद्यार्थ्यांच्या डोळ्यांतील चमकेत असते, असे भाषण केले होते. टाळ्या पडल्या. समारंभानंतर ती एवढेच म्हणाली, “सर, तुमचं बरोबर आहे. पण ते तुमच्याबाबतीत बरोबर आहे.” तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याच्या वाक्यातील पुरुष दुरुस्त करावा, तशी ती दुरुस्ती होती.

मी जे म्हणालो ते खोटे नव्हते. माझ्यापुरते ते आजही खरे आहे. एका मर्यादेपलीकडे अधिक पगाराने माझ्या आयुष्याला अधिक अर्थ येईल असे मला वाटत नाही, आणि शिकविण्यात मला जे मिळते ते पगारपत्रकावर येत नाही. परंतु प्रथमपुरुषी सत्य मी भाषणात तृतीयपुरुषी केले, ‘शिक्षकाचे समाधान’ असे म्हटले, आणि त्या ‘शिक्षका’त तिलाही ओढले. माझ्या समाधानाचे विधान तिच्या थकलेल्या देण्याच्या बाजूने साक्ष देऊ लागले. बहुतेक नैतिक उपदेश असाच घडतो. उपदेशकाला दुष्ट हेतू असावा लागत नाही; त्याचा अनुभवही खरा असतो. फक्त वाक्याचा कर्ता बदललेला असतो, आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा पैसा आणि समाधान यांच्या संबंधाविषयी काय म्हणता येईल? पैशाने शंकांचे निरसन होते, पण सर्व शंकांचे नाही. भूक, आजार, लाज आणि मर्जी सांभाळण्याची सक्ती, या शंकांना पैसा समर्पक उत्तर देतो, आणि या बाबतीत त्याची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. त्यापुढच्या शंका, म्हणजे हे आयुष्य कशासाठी, याला तो उत्तर देत नाही. पण तो प्रश्न निवांतपणे विचारण्याची सवड तो देतो. या दुसऱ्या प्रकारच्या शंकांपर्यंत जे पोचले आहेत त्यांनी पैशाच्या अपुरेपणाविषयी जरूर लिहावे. मात्र ते लिहिताना आपल्या वाट्याची खते कोणती आणि कान्होबांची कोणती, हे वेगळे काढावे. आणि आपली खते अजून घरातच असतील, तर इंद्रायणीविषयी बोलताना आवाज थोडा खाली आणावा.

त्या विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका कधीच रद्दीत गेली असेल. गुण आता बदलता येणार नाहीत. परंतु पुढच्या वर्षी पुन्हा तोच निबंध येईल, तेव्हा ‘पलंग घेता येतो, झोप नाही’ या वाक्याखाली लाल शाईने एक प्रश्न लिहिण्याचे मी ठरविले आहे: ‘कोणाला?’